तोफेचं करंजेल

कुडपणच्या माळावरची जुनी तोफ तुळसाबाईच्या घरचे देव म्हणून पुजत. दर अवसेला ती करंजेल, म्हणजे करंजाच्या बियांचं तेल, घेऊन यायची आणि सगळी तोफ हातानं चोळायची. सत्त्याण्णव साली आम्ही महाडची इतिहासप्रेमी मंडळी तोफ नीट करायला गेलो, तेव्हा ती तेलाशेंदराची पुटं बघून माझं डोकंच फिरलं. "मावशे, हा देव नाही, इतिहास आहे!" असं तिच्यावर खेकसून मी तारेच्या ब्रशानं लोखंड लख्ख केलं, तोफ सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवली आणि शेजारी पाटी ठोकली: हात लावू नये.

दोन पावसाळ्यांनी परत गेलो. तोफेचे पापुद्रे सुटले होते. नुसतं बोट लावलं तर तांबडा गंज भुगा होऊन गळला. चौथऱ्याच्या कडेला करंजेलाच्या भरलेल्या बाटल्यांची रांग होती.

तुळसाबाई आली तसा मी पुन्हा भडकलो. "दर अवसेला तेल आणलंस, मग लावलं का नाहीस?"

"पुतण्याकडून पाटी वाचून घेतली रे बाबा," ती म्हणाली. "हात लावायचा नाय, मग तेल लावू कशानं?"