काड्यापेटीतली माशी

"तुमच्या परदेशी किड्यानं आमचे किडे खाल्ले, साहेब!" जाईबाईनं बांधावरूनच सुनावलं.

अकोटजवळच्या तिच्या संत्राबागेत पानांचा रस शोषणारा मावा खायला कृषी कार्यालयानं बाहेरचे ढालकिडे सोडले होते. त्यांनी माव्याबरोबर गावरान ढालकिड्यांच्या अळ्याही फस्त केल्या. आज साहेब त्याच किड्यांचा दुसरा डबा घेऊन हजर.

पानावर एक परदेशी ढालकिडा पोटाखाली धाग्यांचा कोश धरून बसला होता.

"बघा, अंडं उबवतोय. किडा रुजला!" साहेबांनी वहीत तसं लिहूनही टाकलं.

"कोंबड्या पाळतो मी," जाईबाई म्हणाली. "खुडूक कोंबडीबी दाणे टिपाले उठते. हा तीन दिवसांचा हालला नाही."

जाईबाईनं काड्यापेटी उघडली. आत निपचित ढालकिडा, फुटका कोश, आणि मुंगीएवढी गांधीलमाशी.

"असाच एक कालपासून यात ठेवला. त्याच्या पोटात वाढली, बाहेर येऊन कोश केला, अन् त्यातून हे माशी निघाली."

"वरून आदेश आहे, बाई."

जाईबाईनं डब्याच्या झाकणावर हात ठेवला. "आमचे किडे तुमच्यांनी खाल्ले, तुमच्याले हे माशी मारून राहिली. मंग माझ्या झाडावरचा मावा कोण खाईन? वरच्याले विचारा, लिहून आणा, मंगच झाकण उघडा."