माझ्या खोक्यावरचं ‘फुल एचडी’

मित्रांनो, मी एक जुना गेम कन्सोल आहे. काळा, चपटा, टीव्हीशेजारी बसणारा आणि उन्हाळ्यात जरा जास्तच घरघरणारा. माझ्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘फुल एचडी’ असं छापलं होतं. त्या दोन शब्दांपायी मी एकदा असा काही गोत्यात आलो की विचारू नका!

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. निळे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या पोटात पंखा बसवला. तपासणीवाल्याने मला चकचकीत पडद्याला जोडलं आणि तो म्हणाला, “वा, चित्र बघा किती स्वच्छ!” ती माझी पहिली शाबासकी. मी असा फुशारलो म्हणता! खोक्यात माझ्यासोबत दोन केबल ठेवल्या. एक पिवळ्या-लाल-पांढऱ्या तोंडांची आणि दुसरी चपट्या तोंडाची. पूर्ण स्वच्छ चित्र जातं ते त्या चपटीतूनच.

मी ज्या घरी आलो तिथे माझी गट्टी जमली ती आजोबा आणि त्यांची नात ठकी यांच्याशी. आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला तसा त्यांचा ब्रश सुटला. ठकीची आत्या सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवायची. दिवसभर मोठा पडदा बघून ती इतकी वैतागलेली असे की घरी आमच्याकडे पाठ करूनच जेवायला बसे.

या घराची एक खोड होती. वस्तू चांगली निघाली की ती वापरायची नाही! नवे टॉवेल कपाटात, नव्या कपबशा फळीवर. मी आलो तेव्हा टीव्ही जुना होता, त्याला चपटी केबल लागतच नव्हती. आजोबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, “छान आहे हो, ठेवून देतो,” म्हणाले आणि तिची रवानगी कुठेतरी झाली. पुढे नवा टीव्ही आला. दुकानातल्या माणसाने रंग बघून तीच तीन तोंडांची केबल खुपसली, चित्र दिसलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र मनातल्या मनात चरफडत राहिलो.

मग आजोबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. “आता काय हवं ते वाचा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गल्लीतल्या शिंपीकाकांनी तर नव्या दुकानाच्या पाटीसाठी कोरी फळीच घरी आणून टाकली. आजोबांना आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. रंगाचे डबे उघडण्याआधी ते ठकीबरोबर माझ्यावर टेबल टेनिस खेळायला बसले.

“ठके, तो कोपऱ्यातला गुणांचा आकडा आठ आहे की तीन?”

“आठ, आजोबा.”

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी आजोबांनी फळी उचलून दारापाशी ठेवली.

“शिंप्याला सांग, दुसरा कोणी बघ म्हणावं. ऑपरेशन फुकट गेलं गं. म्हातारपणी हसं नाही करून घ्यायचं मला.”

ठकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोष माझ्याकडून येणाऱ्या चित्राचा आणि शिक्षा त्यांच्या डोळ्यांना!

पण पोरगी हुशार. लिहिलेली पाटी गिऱ्हाइकाच्या जागी उभं राहून वाचून बघायची, हे आजोबांनीच तिला शिकवलं होतं. तिने पट्टीने पडद्यावरच्या आकड्याची उंची मोजली, पुठ्ठ्यावर तेवढ्याच उंचीचे आकडे पेनने काढले आणि पुठ्ठा टीव्हीला टेकवून धरला.

“सोफ्यावरूनच वाचा हं. उठायचं नाही!”

“आठ, तीन, सहा,” आजोबा म्हणाले. “आणि सहाचं पोट जरा फुगलंय तुझं.”

मग आजोबांनी हळूच मान वळवली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

“म्हणजे लबाड हा आहे तर! खोक्यावर फुल एचडी आणि अक्षराला धड कड नाही!”

माझी बोबडीच वळली. आता भंगारात जाणार, दुसरं काय! तेवढ्यात आरडाओरडा ऐकून आत्या आली. तिने माझ्या पाठीमागे हात घातला आणि कपाळाला हात लावला.

“अहो बाबा, ही पिवळी केबल अजून? चपटी कुठे गेली?”

आजोबा उठले, त्यांनी कपाट उघडलं आणि टॉवेलांच्या घडीखालून केबल काढून आणली. तिची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती.

“चांगली होती ना, म्हणून...” ते पुटपुटले. आत्या हसून हसून खाली बसली.

चपटी केबल लागली, आत्याने एक सेटिंग बदललं आणि माझा मेनू पडद्यावर लखलखीत उमटला. अहाहा! पण आत्या आपल्या कामात पक्की. पडद्याजवळ नाक नेऊन तिने निकाल दिला, “मेनू आणि फोटो अस्सल फुल एचडी. हा खेळ मात्र कन्सोल लहान आकारात काढतो आणि ताणून पडदाभर करतो. खोक्यावर जरा फुगवून लिहिलंय.”

खरंच होतं ते. मी लाजून चूर झालो.

“असू दे गं,” आजोबा म्हणाले. “मीही नमुना वहीत काढायचो आणि चौकोन आखून भिंतीवर मोठा करायचो. दिसतंय ना नीट? मग झालं तर!”

मित्रांनो, त्या क्षणी त्यांच्यावरून जीव ओवाळून टाकावासा वाटला मला.

पुन्हा डाव रंगला. शेवटचा चेंडू पडला आणि ठकी नेहमीच्या सवयीने ओरडली, “आजोबा जिंकले!”

आजोबांनी कोपऱ्यात पाहिलं. “अकरा-चार. आणि अकरा तुझे आहेत.”

ठकीने जीभ चावली. रोज गुण तीच सांगायची आणि रोज आजोबाच जिंकायचे, त्यातली गोम आत्ता कुठे बाहेर आली!

आजोबा ताडकन उठले. “अगं, हरलो मी! चक्क सात गुणांनी हरलो! मला दिसतंय गं, स्वच्छ दिसतंय!” आत्याला हलवून हलवून तेच सांगत होते. हरल्यावर इतका खूश झालेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. दारातली फळी त्यांनी स्वतः आत आणली आणि रंगाचे डबे उघडले.

आता माझ्याहून चपळ कन्सोल आले आहेत, येऊ देत. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. आमच्यावरची धूळ पुसा, पंख्याला वारा लागू द्या, आणि ‘चांगली आहे’ म्हणून कुठली वस्तू बंद करून ठेवली असेल तर ती आजच बाहेर काढा. कपाटात फार कंटाळा येतो हो!