चाटूनपुसून

फुकट जेवू घालणाऱ्या माणसाच्या मनात नक्की काय असतं, हा प्रश्न शिलाईवालीला पहिल्या घासालाच पडला. सूप गरम होतं, पाव ताजा होता, वर प्रत्येकाला एक उकडलेलं अंडं होतं, आणि बदल्यात कुणी काही मागत नव्हतं. तेच तिला खुपत होतं. ती ज्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची, तिथे दुपारचा चहासुद्धा पगारातून कापला जायचा.

तो कारखाना बंद पडला होता. नवरा त्याआधीच आजारपणात गेला होता. मग एके दिवशी ती काम शोधून परत आली, तर दिराने दाराला नवं कुलूप लावलेलं आणि मायलेकींचे कपडे एका पिशवीत भरून पायरीवर ठेवलेले. तेव्हापासून ती आणि तिची सात वर्षांची लेक चिमी बस स्टँडच्या बाकांवर राहत होत्या. कुणी विचारलं की शिलाईवाली म्हणायची, "गाडीची वाट बघतोय."

स्टँडवर कंगवे विकणारी एक बाई होती. तिच्याकडे कुणीतरी गोड बोलणारी मॅडम यायची, पोरांना बिस्किटं द्यायची, काय खाता, कुठे झोपता, अशी चौकशी करायची. मग एक दिवस गाडी आली आणि कंगवेवालीची दोन्ही पोरं बालगृहात गेली. त्यांच्या भल्यासाठी. कंगवेवाली शिलाईवालीला म्हणाली होती, "बिस्किटं घे, पण तोंड उघडू नको. पोरगी नीट खात नाही एवढं जरी कळलं ना, तरी म्हणतील आईला सांभाळता येत नाही, आणि वर कळवतील."

आणि चिमी नीट खात नव्हती.

जेवणघर म्हणजे पूर्वीचं टायरचं गोदाम होतं. वाफ धरली की भिंतीतून अजून रबराचा वास सुटायचा. आत लांब बाकं, दारापाशी पिशव्या अडकवायच्या खुंट्या आणि समोरच्या भिंतीत दोन खिडक्या. एका खिडकीतून मावशी वाढायची. ही मावशी म्हणजे जेवणघराची कर्तीधर्ती. आवाज घोगरा, हात सढळ. दुसऱ्या खिडकीत काका उभे असायचे. त्यांच्याकडे रिकामी ताटं द्यायची. इथला नियम असा की ताट कुणी परस्पर बादलीत झटकायचं नाही. ते काकांच्या हातातच द्यायचं. काका ते जरा तिरकं धरून उजेडात बघत, मग खरवडून बादलीत टाकत. कधीकधी मागे वळून मावशीला हळूच काहीतरी सांगत. मावशी मान हलवायची.

"काका एवढं काय बघतात हो ताटात?" शिलाईवालीने शेजारच्या छत्रीवाल्याला विचारलं. तो छत्र्या दुरुस्त करायचा. निदान तसं म्हणायचा. हातात कायम एक मोडकी काडी असायची.

"भविष्य," छत्रीवाला म्हणाला. "माझ्या ताटात कालपासून बंगला दिसतोय म्हणे. दारं कुठल्या रंगाची हवीत, तेवढं सांगायचं राहिलंय."

"आणि तो दाढीवाला? परवापर्यंत इथे बसायचा तो?"

"त्याला मावशीने आतल्या खोलीत बोलावलं. मग दिसला नाही."

"दिसला नाही म्हणजे?"

"म्हणजे दिसला नाही. मी काय सासरा आहे का त्याचा?"

दाढीवाला ताटात पुष्कळ टाकायचा, हे शिलाईवालीच्या लक्षात होतं. त्याच्याआधी खोकणारी एक म्हातारी होती. तीही पाव तसाच ठेवायची. तिलाही आत बोलावलं होतं आणि तीही बाहेर आली नव्हती.

कापडाची शिवण संशयास्पद वाटली की एक टाका उसवून बघायचा, ही तिची कारखान्यातली सवय. तिने तेच केलं. एका दुपारी तिने स्वतःच्या ताटात मुद्दाम अर्धं अंडं ठेवलं, बाकी सगळं खाल्लं. काकांनी ताट तिरकं धरलं. दुसऱ्या दिवशी मावशीने वाढताना हातातला डाव थांबवला. "अंडं चालत नाही का गं तुला? सांगायचं ना."

"चालतं," ती म्हणाली. म्हणजे शंका खरी होती. इथे माणसांवर नजर होती, आणि ती ताटातून ठेवली जात होती.

त्या दिवसापासून तिने ठरवून टाकलं की दोघींच्या ताटांनी काही बोलायचंच नाही. ती स्वतःचं जेवण संपवायची, मग चिमीचं ताट पुढ्यात ओढायची. चिमी सूप प्यायची, पावाचा तुकडा तोंडात घोळवून परत ताटात ठेवायची, अंडं बोटाने चेपून बसायची.

"खा गं चिमणे, एक घास."

"नको. भूक नाही."

घर सुटलं तेव्हापासून पोरीचं असंच होतं. तिचं मन लागत नाही, म्हणून अन्न जात नाही, अशी आईने समजूत करून घेतली होती. मग ती इकडेतिकडे बघून तो ओला पाव आणि चेपलेलं अंडं भराभर गिळायची. ताट बोटाने निपटून चाटूनपुसून काकांच्या हातात द्यायची. काका ते उजेडात धरायचे. ताटात त्यांना फक्त त्यांचाच चेहरा दिसत असणार.

पण झालं भलतंच. दोन लख्ख ताटं रोज येतात म्हटल्यावर मावशीने दुसऱ्याच आठवड्यात दोघींना एकेक डाव जास्त वाढला.

"पुरे मावशी, एवढं नको."

"लाजतेस कशाला? ताटं सांगतात ना मला, पोट भरत नाही म्हणून."

जास्त वाढलं, तरी ताटं लख्खच आली. मावशीने अजून वाढलं. वर चिमीला दुसरं अंडं. शिलाईवालीला रात्री करपट ढेकर यायला लागले. कारखान्यात उपाशीपोटी उभी राहिलेली बाई आता बस स्टँडवर पोट धरून बसायची. अन्न बाहेर न्यावं, तर पिशव्या दाराशी. बादलीत टाकावं, तर काका. तिने आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे कमी जेवण मागितलं.

मग एका सकाळी स्टँडच्या बाकावर बसून तिने स्वतःच्या ब्लाउजच्या बाजूच्या शिवणी उसवून सैल केल्या. दोरा उरला, तो वाया कशाला घालवायचा म्हणून तिने चिमीचा फ्रॉक कमरेत आत घेतला. गाठ मारून दोरा दाताने तोडताना तिच्या ध्यानात आलं, आपलं सैल केलं आणि पोरीचं आत घेतलं, आणि सुई तशीच हातात राहिली. चिमी समोर उभी होती. फ्रॉक आता अंगाबरोबर बसला होता, आणि त्यामुळेच तिची कंबर किती उरलीय ते दिसत होतं.

दवाखान्यात न्यायला हवं, हे तिला कळत होतं. पण दवाखान्यात पहिला प्रश्न पत्त्याचा असतो.

त्याच दुपारी जेवण अर्ध्यावर असताना मावशी खिडकी सोडून बाकापाशी आली. ती कधी बाहेर येत नसे. बाकावरचे आवाज आपोआप खाली आले.

"जरा आत ये," ती शिलाईवालीला म्हणाली. "पोरीला बसू दे इथेच."

छत्रीवाल्याने काडी कानामागे खोचली आणि चिमीजवळ सरकून बसला. "मी आहे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच पुढे काही विनोद केला नाही. शिलाईवालीला त्याचीच जास्त भीती वाटली.

आतली खोली लहान होती. कांद्याची पोती, एक खुर्ची, समोर बंद दार. काका ओल्या हातांनी चौकटीत येऊन उभे राहिले. म्हणजे मागचा रस्ताही बंद.

"बस," मावशी म्हणाली. शिलाईवाली बसली नाही.

"पोरगी वाळत चाललीय तुझी."

"वाढीचं वय आहे."

"वाढीच्या वयात पोरं लांब होतात. पारदर्शक होत नाहीत." मावशीने पदराला हात पुसले. "मी तिला मोठ्या माणसाएवढं वाढते. ताट लख्ख येतं. तुझंही लख्ख येतं. आणि अंगावर येतंय ते तुझ्या एकटीच्याच. हे कसं काय, सांगशील मला?"

शिलाईवालीला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. ही बाई म्हणत होती की आई लेकराच्या तोंडचं खाते.

"काकांना विचारा," ती म्हणाली. "त्यांना ताटात सगळं दिसतं ना."

"त्यांनीच सांगितलं, पोरीचं पोट भरत नाही. मी वाढत गेले. तरी ती सुकतेच आहे. मग ते जातं कुठे?" मावशीचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "उद्यापासून चिमी माझ्या शेजारी बसून जेवेल. तू पलीकडच्या बाकावर. दोन दिवस बघेन, आणि मग ठरवेन, कुणाला कळवायचं का ते."

कळवायचं. कंगवेवालीचा शब्द.

बाहेर जावं, पोरीचा हात धरावा, खुंटीवरची पिशवी काढावी आणि चालू लागावं, एवढं सोपं होतं ते. पण चालून जायचं कुठे? आणि त्याच क्षणी तिला आठवलं की पोरीच्या पोटात रोज जे काही जात होतं, ते एवढं सूपच होतं. इथून निघालं तर तेही नाही. आईने भित्रेपणाने लेक राखली आणि उपाशी मारली, असं व्हायचं.

"आत बोलावलेली माणसं कुठे जातात?" तिने विचारलं.

"काय?"

"दाढीवाला. ती खोकणारी म्हातारी. बाहेर आलीच नाहीत."

मावशी आणि काकांनी एकमेकांकडे पाहिलं. मावशीने पुढे होऊन समोरचं दार उघडलं. पलीकडे एक गल्ली होती, गल्लीत सायकली, आणि गल्लीपलीकडे दवाखान्याची हिरवी पाटी. "इथून जातात. म्हातारी तिथे दाखल आहे, छातीत पाणी झालंय तिच्या. दाढीवाल्याच्या पोटात अल्सर निघाला. आता बरा आहे, बेकरीत लागलाय. सकाळचा पाव तोच टाकून जातो."

"तुम्ही म्हणता."

"मी म्हणते. मग? उद्या पहाटे ये आणि त्याची दाढी ओढून बघ, खरी आहे का."

शिलाईवालीने त्या पाटीकडे बराच वेळ पाहिलं. पाटी खरी होती. बाकीचं खोटं असूही शकत होतं. पण हिला पोरगीच पळवायची असती, तर हिने आधी आईला खडसावलं नसतं. बिस्किटं दिली असती.

ती बाहेर गेली. चिमीचं ताट बाकावर तसंच होतं. ते तिने उचललं, आत आणलं आणि काकांच्या ओल्या हातात ठेवलं.

"हे बघा. याला मी हात लावलेला नाही."

काकांनी सवयीने ते उजेडाकडे तिरकं केलं. सूप थेंबभरही उरलं नव्हतं. पावाचे तुकडे दातांत दाबून, चोखून, काठावर ठेवलेले. अंडं चेपलेलं, बाकी अख्खं.

"रोज असंच असतं?"

"रोज. घर सुटल्यापासून. उरलेलं मी खाते. तुम्ही बघू नये म्हणून खाते."

काकांनी पावाचा एक तुकडा बोटाने उलटवून पाहिला. मग म्हणाले, "प्यायचं सगळं पोटात, चावायचं सगळं ताटात. ताई, हिची भूक मेलेली नाही. हिला चावता येत नाही." त्यांनी ताट खाली ठेवलं. "आणि मी म्हणत होतो, अजून वाढा. ताटाकडेच बघत बसलो. पोरीच्या तोंडाकडे मान वर करून पाहिलं असतं, तरी दिसलं असतं."

"मी खोटं ताट देत होते तुम्हाला."

"ते दिलंत. पण खरं मानलं मी."

मावशीने पदर खोचला. "दोघांचं झालं असेल, तर पोरीला आणा. दवाखाना बंद होईल."

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने चिमीला खुर्चीत मागे झोपवलं, तोंडात छोटा आरसा घातला आणि दिवा ओढला. "किती दिवस दुखतंय गं?"

चिमीने आईकडे पाहिलं. "सांगितलं तर आईला पैसे लागतील," ती म्हणाली.

अगदी मागची दाढ किडली होती. खालची हिरडी सुजून त्यात पू धरला होता. आधी औषधाने सूज उतरवायची, मग दाढ काढायची, असं डॉक्टर म्हणाली. कपाटातून बाटली काढता काढता तिने वर न बघताच विचारलं, "तुम्ही राहता कुठे?"

आलाच तो प्रश्न. शिलाईवालीने चिमीचं मनगट धरलं. गाडीची वाट बघतोय, हे उत्तर जिभेवर तयार होतं. मावशी भिंतीला टेकून उभी होती आणि या वेळी तिच्या वतीने काही बोलणार नव्हती, हे उघड होतं.

"बस स्टँडवर," शिलाईवाली म्हणाली.

डॉक्टरने मान वर केली. बाटलीकडे पाहिलं. "पंचाईत आहे. हे औषध पाणी घालून तयार केलं की फ्रिजमध्ये ठेवावं लागतं."

"एवढ्यासाठी विचारलंत?"

"मग कशासाठी विचारणार?"

शिलाईवाली डॉक्टरच्या चेहऱ्यात काही लपलंय का ते शोधत राहिली.

"आमच्याकडे फ्रिज आहे," मावशी म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ येऊन घेऊन जा. आणि येतेच आहेस तर वरच्या खोलीत शिलाई मशीन धूळ खात पडलंय. एप्रन सगळे फाटलेत. खोली बायकांसाठीच आहे, दाराला आतून कडी आहे. बघ तुला पटलं तर."

"आणि बदल्यात?"

"एप्रन. आत्ताच म्हणाले ना."

"एवढंच?"

"हे बघ बाई," मावशी म्हणाली, "तुझा विश्वास बसेपर्यंत मी काही थांबत नाही. माझं सूप उतू जाईल."

संध्याकाळी मावशीने फ्रिजमधून बाटली काढली. शिलाईवालीने ती तिच्या हातातून घेतली, झाकण स्वतः उघडलं, वास घेतला. मग चमच्यात थोडं ओतून आधी स्वतःच्या जिभेवर ठेवलं. काका खिडकीतून बघत होते. त्यांनी नजर फिरवली नाही, आणि तिनेही त्यांना बघू दिलं.

औषध गोड होतं. ती जराशी थांबली, काही होतंय का ते पाहिलं. काहीच झालं नाही. मग तिने चमचा भरला, आणि चिमीला म्हणाली, "आ कर."