गालाशी उभा राहणारा उजवा

मित्रांनो, मी जुना आहे, उजव्या हाताचा आहे आणि अंगाने चांगला जाडजूड आहे. बॉक्सिंगच्या सरावाचा ग्लोव्ह म्हणजे मी. एके काळी लालभडक होतो, आता विटकरी झालो आहे, पण रुबाब तसूभरही कमी झालेला नाही.

एका कारखान्यात एका बाईने मशीनवर माझं कातडं शिवलं. मग एका माणसाने पोटात स्पंज इतका ठासून भरला की आता आपण फुटतो, असंच मला वाटलं. शेवटी डाव्याशी माझी नाडी बांधून दोघांना खोक्यात घातलं. डावा माझा जुळा भाऊ. पुढे पुढे करायची त्याला भारी हौस. माझं मुख्य काम वेगळं. मी गालाशी उभा राहतो आणि आलेला ठोसा अंगावर घेतो.

आम्ही आलो ते एका गॅरेजच्या वरच्या हॉलमध्ये. खाली दिवसभर ठाकठूक, वर आमची धपाधप. तिथे शिकवायच्या त्या मावशी. तरुणपणी त्या स्वतः खेळायच्या, पण एका लढतीत नाक मोडलं आणि त्यांचा खेळ तिथेच थांबला. त्यांच्या बहिणीची मुलगी शिकायला आली तेव्हा मावशींनी तिला आधी ठोसा शिकवलाच नाही. आधी शिकवलं ते तोंड झाकायला. दोन्ही हात वर, आम्ही दोघे गालफडांना चिकटलेले, कोपरं बरगड्यांवर, हनुवटी खाली.

मावशी आपल्या हातातल्या पॅडना खडूची पूड फासत आणि भाचीवर तुटून पडत. तोंडावर किंवा अंगावर जिथे पांढरं उमटेल तिथे बचावात भोक, असा त्यांचा हिशेब.

"दाखव बघू, कुठे कुठे लागलं?"

"कुठेच नाही मावशी! सगळं ग्लोव्हवर."

आणि खरंच, पांढरेफटक व्हायचो ते आम्ही. तिचं नाक कोरडं ठाक. ठोशांचा भडिमार झाला तरी ती आमच्या आड शांत उभी राहायची. हॉलमधल्या पोरींनी तिचं नाव 'कुलूप' ठेवलं. मला त्या नावाचा फार अभिमान होता. अजूनही आहे.

पण मित्रांनो, खोटं कशाला बोलू? आमच्या मागे उभं राहिलं की समोरचं अर्धंच दिसतं. डोकं झाकायच्या नादात कोपरं वर सरकली की बरगड्या उघड्या पडतात. आणि झाकण्यातच जीव गुंतला की मारायचं राहून जातं. कुलूप महिनोन्महिने छान झाकत राहिली, पण उलटून मारायचं म्हटलं की मावशीच म्हणत, "थांब, आधी तोंड सांभाळ."

मग संघनिवडीची लढत आली. तिच्या वजनगटात जागा एकच होती. जी जिंकेल ती संघात, दुसरी घरी. याच एका जागेसाठी ती इतके दिवस पहाटे उठत होती. लढतीचे ग्लोव्ह आयोजकांनी दिले. ते आमच्यापेक्षा छोटे आणि सडपातळ. मी कोपऱ्यातल्या उघड्या पिशवीतून सगळं पाहत होतो.

घंटा झाली. कुलूपने नेहमीसारखे हात वर घेतले. समोरच्या उंच मुलीने सरळ ठोसा मारला आणि तो दोन ग्लोव्हच्या मधून थेट नाकावर बसला. मग दुसरा, मग तिसरा. झाकायचा सगळा सराव तिने आमच्यासारख्या जाड्यांना घालून केला होता. छोट्या ग्लोव्हमध्ये फट राहणार, हे मावशी-भाची दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. पहिली फेरी साफ हातची गेली.

ती येऊन स्टुलावर बसली. नाकातून रक्त येत होतं.

"मावशी, फट बंदच होत नाहीये गं. ठोसे मधून येतायत."

मावशींनी तिचे ग्लोव्ह पाहिले, मग पिशवीत मला पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"चुकलं माझं. तुला उशांच्या मागे उभी करत राहिले मी. आता नुसतं झाकून भागायचं नाही. एक अडव आणि त्याच हाताने लगेच मार."

"आणि परत नाकावर बसला तर?"

रक्त पुसणारा मावशींचा हात थांबला.

"बसला तर बसला. मोडलं होतं ते माझं नाक. त्याची भीती तुझ्या गळ्यात कशाला बांधली मी? ऊठ. मार."

दुसऱ्या फेरीत उंच मुलीचा सरळ ठोसा आला. कुलूपने तो उजव्या तळव्यावर झेलला आणि तोच उजवा हात तसाच पुढे सोडला. उंच मुलगी दचकलीच. ही मुलगी मारतेसुद्धा, हे तिच्या गावीही नव्हतं! मध्ये एक ठोसा कुलूपच्या बरगडीत बसला, ती कळवळली, पण कोपर खाली घेऊन पुन्हा उभी राहिली. अडव, मार, बाजूला हो. तिसऱ्या फेरीत तर मागे मागे सरकत होती ती उंच मुलगी.

निकाल लागला आणि पंचांनी आमच्या मुलीचा हात उचलला. मी पिशवीत फुगून दुप्पट झालो.

"मारलंस की गं!" मावशी तिला मिठी मारून म्हणाल्या. हसत होत्या आणि रडतही होत्या.

त्या आनंदात पिशवी तशीच माळ्यावर गेली. सरावाच्या घामाच्या ओलाव्याने माझ्या पोटाला बुरशी आली आणि असा वास सुटला की डावासुद्धा तोंड फिरवून बसला. पुढे आठवण झाली तेव्हा त्या मुलीनेच मला पुसलं, आत कागदाचे बोळे घातले आणि खिडकीत वाऱ्याला ठेवलं. आता ती अडवण्याचा सराव छोटे ग्लोव्ह घालून, हलक्या ठोशांवर करते. जोरदार सामन्याचा सराव असला की मात्र हाक आम्हालाच येते.

तेव्हा मित्रांनो, सराव संपला की माझी नाडी सोडा, घाम पुसा आणि मला वाऱ्यावर वाळू द्या. एवढी काळजी घेतलीत तर तुमचा गाल मी जिवापाड सांभाळीन. पण लढतीच्या दिवशी मला खुशाल पिशवीत ठेवून पुढे जा. मला वाईट वाटणार नाही. तुम्ही मारलेला ठोसा मला तिथूनही दिसतो.