काळ्या रंगाखालची भेग

मित्रांनो, मी एक जुनी, उंच, सात जणांना घेऊन चालणारी मोटार आहे आणि या क्षणी मी भीतीने अर्धमेली झाले आहे. गाडीला कसली आली भीती, असे तुम्ही म्हणाल. पण जिच्या पोटात सात जीव बसतात तिने भ्यायचे नाही, तर कोणी भ्यायचे? मी मुळातच भित्री. नवी कोरी होते तेव्हासुद्धा समोरून ट्रक आला की मी मनातल्या मनात डोळे मिटून घ्यायचे. आजची भीती मात्र निराळी आहे. ती कोणाला तरी सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म कसा झाला ते आधी सांगते, म्हणजे पुढचे नीट कळेल. कारखान्यात सर्वांत आधी माझा सांगाडा तयार झाला. दोन लांब, जाड लोखंडी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. मोटारीच्या धंद्यातले लोक त्याला चासी म्हणतात. इंजिन, दारे, काचा, गुबगुबीत सीटा हे सगळे नंतर त्यावर येऊन बसले. पाहणारा माझा रंग पाहतो, सीट दाबून पाहतो, दार धाडकन लावून पाहतो. त्या दोन तुळया कोणालाच दिसत नाहीत, कारण त्या पाहायला खाली वाकावे लागते. पण त्या धड, तर मी धड.

माझा पहिला मालक जनावरांचा डॉक्टर होता. भला माणूस. माझ्या मागच्या भागात कधी औषधांची पेटी असायची, कधी चिखलाने भरलेले बूट, तर कधी चक्क एखादे आजारी वासरू. एका वासराने माझ्या सीटचा कोपरा चघळून टाकला होता. डॉक्टर हसला आणि म्हणाला, "चव बरी दिसतेय." घरी आल्यावर तो आधी माझी चाके आणि पोट पाण्याने धुवायचा, मग स्वतःचे पाय. "ही माझा उजवा हात आहे," असे तो येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचा. ते ऐकून मला फार बरे वाटायचे.

पुढे त्याची नजर अधू झाली आणि त्याने जड मनाने मला विकले. मी प्रवासी वाहतूक करणाऱ्या एका कंपनीत गेले. तिथे बारभाईंचा कारभार होता. रोज नवा ड्रायव्हर, आणि प्रत्येकाला वाटायचे की तेलपाणी दुसऱ्याने पाहिले असेल. सातांच्या जागी दहा माणसे कोंबायचे, वर टपावर सामान. माझ्या काट्याने दोन लाख किलोमीटर मागे टाकले तरी कोणी माझ्या पोटाखाली डोकावले नाही. मग एकदा फाटकापाशी उभी असताना एका भरलेल्या ट्रकने मला मागून धडक दिली. मागची सीट रिकामी होती, म्हणून कोणाला खरचटलेही नाही. पण माझी उजवी तुळई मागच्या चाकापाशी वाकली. ती तापवून, ठोकून सरळ केली आणि घाईघाईत जोड मारला. "चालतेय ना? मग झालं," असे म्हणून मला पुन्हा रस्त्यावर काढले. त्या जोडाला हळूहळू भेग पडली.

शेवटी मी जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या अंगणात आले. त्याला सगळे गोडशेठ म्हणतात. बोलणे इतके गोड की ऐकणाऱ्याच्या कानाला मुंग्या लागाव्यात. त्याने मात्र खाली वाकून पाहिले. भेगेवरून त्याने बोट फिरवले. मला वाटले, आता हा मला दुरुस्तीला पाठवील. त्याने लांबीचा, म्हणजे भेगा बुजवायच्या लगद्याचा, डबा मागवला, भेग बुजवली आणि वरून जाड काळा रंग फासला. माझे वरचे अंग असे चकचकीत केले की मीच मला ओळखेना. वरून कीर्तन, आतून तमाशा!

त्याची रीत ठरलेली आहे. गिऱ्हाईक यायच्या आधी तो इंजिन गरम करून ठेवतो, म्हणजे थंड इंजिनाची खरखर ऐकू येत नाही. रेडिओ मोठ्याने लावतो. गिऱ्हाइकाला एकट्याला शेजारी बसवून गुळगुळीत मोठ्या रस्त्याने फिरवून आणतो. दोन माणसांच्या वजनाने माझी भेग तोंड उघडत नाही, हे त्याला पक्के ठाऊक आहे.

अंगणाच्या भिंतीपलीकडे भंगाराचा कारखाना आहे. तिथे दिवसभर लोखंड कापायचे यंत्र करकरते. माझे दुखणे कोणाला कळले तर मी त्या भिंतीपलीकडे जाणार. कळले नाही, तर एक दिवस भरल्या पोटी उतारावर माझी तुळई मोडणार. इकडे आड, तिकडे विहीर. माझी तर झोपच उडाली होती.

अशात एका सकाळी एक कुटुंब आले. बाप नुकताच डोंगरावरच्या धरणावर कामाला लागला होता. आता घर वर आणि मुलांची शाळा खाली, म्हणून रोज डोंगर चढायला उतरायला त्यांना मोठी गाडी हवी होती. आईचे तयार कपड्यांचे दुकान होते. नऊ दहा वर्षांची मुलगी, तिचा धाकटा भाऊ, हातात काठी घेतलेली आजी, आणि सोबत मुलांचा मामा. मामा पांढऱ्याशुभ्र शर्टात होता आणि त्याला मोटारीतले सगळे कळते असा त्याचा आणि फक्त त्याचाच समज होता.

मामाने माझ्या चाकांना लाथा मारल्या. बॉनेट उघडून आत बराच वेळ पाहिले आणि "हंऽऽ" केले. इंजिनाचा आवाज डोळे मिटून ऐकला. "भाऊजी, डोळे झाकून घ्या," तो बापाला म्हणाला. "मशीन एकदम लोण्यासारखं आहे."

"मामांची नजर म्हणजे एक्स-रे," गोडशेठ म्हणाला. "चला साहेब, तुम्ही एकटेच या, एक चक्कर मारून येऊ."

"एकटेच का?" आई म्हणाली. "आम्ही सगळेच येणार."

"अहो ताई, मुलांना कशाला त्रास? इथे सावलीत बसा."

"माझ्या दुकानात गिऱ्हाईक कपडा घालून बघतं, हात वर करतं, खाली बसून बघतं. नुसतं उभं राहिलं की सगळंच अंगाला बसतं हो! ज्याने जिथे बसायचं, तिथे बसून बघायचं. दुकानाचे गठ्ठेही आणलेत मी, तेही टाका मागे. रोज न्यायचेच आहेत."

गोडशेठचे हसू जरा आक्रसले, पण आलेले गिऱ्हाईक सोडवेना. मुलीला गाडी लागते म्हणून तिला मधल्या सीटवर खिडकीपाशी बसवले, शेजारी भाऊ आणि आई. तिथे चौथ्या माणसाला जागा पुरेना, म्हणून मामा मागे गेला. आजीही हट्टाने मागेच बसली. तिच्या पायाशी कपड्यांचे गठ्ठे. बापाने स्टिअरिंग धरले आणि गोडशेठ त्याच्या शेजारी बसला. माझी पाठ खाली दबली आणि रंगाखालची भेग हलली.

मोठ्या रस्त्यावर मी कशीबशी चालले. रेडिओ ठणाणा करत होता. "आता इथून वळवा," गोडशेठ म्हणाला, पण बापाने सरळ डोंगराची वाट धरली. "रोजचा रस्ता तो आहे, शेठ. तोच बघतो."

गोडशेठने खिशातून रुमाल काढला. तो भ्याला आहे हे फक्त मला कळले, कारण सीट माझी होती.

चढण खडबडीत होती. प्रत्येक खड्ड्यात भेगेतली लांबी तुटून गळत होती. माझे पोट फाटते आहे असे मला वाटले. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी, आणि मधल्या सीटवर ती मुलगी भावाला बोटाने पक्षी दाखवत होती. मित्रांनो, तोवर मला दोन्ही भीती सारख्याच होत्या. त्या मुलीचा हसरा आवाज ऐकला आणि भंगाराची भीती कुठल्या कुठे गेली. उरली ती एकच. ही पोरे माझ्या पोटात आहेत आणि मला ओरडता येत नाही. वरच्या वळणावरून बापाने मला माघारी वळवले आणि आम्ही उतरायला लागलो.

"अरे, माझ्या पायाखाली काहीतरी थरथरतंय," मागून आजी म्हणाली.

"आई, तुझे पायच थरथरतात हल्ली," बाप हसून म्हणाला.

"रस्ताच तसा आहे, आजी," गोडशेठ घाईने म्हणाला आणि त्याने रेडिओचा आवाज आणखी वाढवला.

"थांबव बरं गाडी," आजी म्हणाली.

बापाने मला कडेला घेऊन थांबवले. आजीने दोन्ही पाय खाली नीट टेकवून पाहिले. "हे बघ, माझे पाय अजून हलतायत. ते काय, झोपेतही हलतात. पण खालचं थांबलं. आता चालव हळू, आणि ते बोंबलणं बंद कर कुणीतरी."

आईने पुढे वाकून रेडिओ बंद केला. मी सुरू झाले. पहिलाच खड्डा आला आणि माझ्या पोटातून आवाज आला, टक्! पुढच्या खड्ड्याला पुन्हा टक्! मित्रांनो, आयुष्यात मला एवढे नीट बोलता आले, ते तेवढेच.

"थांबवा!" आई ओरडली. "मुलांनो, उतरा खाली. आधी उतरा!"

सगळे उतरले. मामाने क्षणभर आपल्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिले आणि मग सरळ रस्त्यावर आडवा होऊन माझ्याखाली शिरला. मोबाइलचा उजेड माझ्या पोटावर फिरला. सगळीकडे जुनी धूळ आणि एकाच जागी ताजा काळा रंग. त्याने किल्लीने तो खरवडला. लांबीचा तुकडा त्याच्या तोंडावर पडला.

"ताई," तो बाहेर येत म्हणाला, आणि त्याचा आवाज बदललेला होता, "चासी तुटत आलीय. बोट जातंय आत. मी बॉनेटमध्ये बघत बसलो गं. पोरांना घेऊन आपण या दरीवरून..." आईने दोन्ही मुलांना इतके घट्ट धरले की धाकटा कुरकुरला.

बाप गोडशेठकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं."

"अहो साहेब, जुनी गाडी आहे, थोडंफार असायचंच..."

"रंग नवा आहे, शेठ."

ते मला तिथेच सोडून चालत खाली निघाले. आजीला मामाने आधार दिला, गठ्ठे बापाच्या डोक्यावर. जाता जाता आई गोडशेठला बजावून गेली, "ही गाडी आता कोणाच्या पोराबाळांना विकू नका. मोडीत काढा." गोडशेठने मान खाली घालून "हो ताई" म्हटले. ती माणसे वळणाआड जाईपर्यंत मी पाहत होते. सगळी धडधाकट होती. मला रडता येत असते तर मी रडले असते.

मोडीत जायला मी तयार होते, खरेच तयार होते. पण गोडशेठने मला हळूहळू चालवत अंगणात परत आणले आणि आल्या आल्या हाक मारली, "अरे, लांबीचा डबा आण रे. आणि या खेपेला रंग सगळीकडे मार, वरून जरा धूळही फास."

आज सकाळपासून माझे इंजिन पुन्हा गरम करून ठेवले आहे. फाटकातून एक जोडपे आत येत आहे. बाईच्या कडेवर लहान मूल आहे. ते माझ्या चकचकीत दिव्याकडे पाहून हात नाचवते आहे आणि बाप म्हणतो आहे, "रंग छान आहे, नाही?" गोडशेठ रेडिओ लावायला माझ्यात शिरला आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू आमची नीट निगा राखा असे सांगतात. मीही तेच सांगितले असते. पण माझी निगा राखण्याची वेळ टळून गेली आहे. आता तुम्हीच मोठ्याने ओरडून त्यांना सांगा. रेडिओ बंद करा म्हणावे. बाळाला खाली उतरवा आणि तुमच्यापैकी एकाने तरी कपड्यांची पर्वा न करता माझ्याखाली आडवे व्हा. लवकर सांगा. बाई दार उघडते आहे.