जप्तीतली माती

माती तुम्ही जप्त केलीत, साहेब. ते आधी कबूल करा, बाकीचं नंतर बोलू.

सत्तावन सालचा दसरा होऊन आठवडा गेला आणि घाटकोपरच्या टेकडीखालच्या तालमीला पालिकेच्या तुमच्या माणसांनी सील ठोकलं. छप्पर बिनपरवाना, म्हणून. पंचनाम्यात मुद्गल आले, मलखांब आला आणि हौद्यातली तांबडी मातीसुद्धा आली. तालमीचे धोंडू वस्ताद हात जोडून म्हणाले, "पोरांनी व्यायाम करायचा कुठे?" तुम्ही खुर्चीतून न हलता म्हणालात, "घरं आहेत ना? घरी करा."

तालमीतल्या जयवंताची आई सुगंधा; तिच्या एका खोलीच्या घरात तुमचा हुकूम पाळला गेला. तिचा नवरा गिरणीतला कापूस छातीत भरून, खोकून खोकून गेला होता. जयवंताने तरी गिरणीचं तोंड बघू नये, एवढंच तिचं देवाकडे मागणं. जयवंताला बंबखान्यात, आग विझवणाऱ्यांत, शिरायचं होतं. वय पंचवीस, भरतीची शेवटची मर्यादा; पुढच्या वर्षी त्याला दारातूनच हाकललं असतं.

मग मुद्गलाच्या जागी मुसळ फिरू लागलं. दोन पाटांवर पंजे टेकून जोर. वरवंटा छातीशी धरून बैठका, आणि तोवर वाटण खोळंबलेलं. पण भरतीत माणूस खांद्यावर टाकून जिना चढावा लागे. तालमीत त्याला जोडीदार होता. घरी कोण?

"आये, तू चल."

"मी? लोक काय म्हणतीत रे?"

"म्हणू देत. तांदळाच्या गोणीपेक्षा तू बरी. निदान शिव्या तरी देतेस."

कासोटा घट्ट करून ती लेकाच्या खांद्यावर ओणवी पडली. चाळीच्या लाकडी जिन्यात शेजारची रत्नप्रभा भेटली.

"काय सुगंधाबाई, काशीक निघालात?"

"होय गो. तुझ्या घोवाक जमता काय बघ."

शनिवार सोडून रोज सकाळी हेच. सुगंधा वरवर करवादायची, पण लेकाचा दम पायरीपायरीला वाढतोय हे तिला पोटाखाली कळत होतं.

भरती सोमवारी. आदल्या शनिवारी जयवंताने तालमीच्या दर शनिवारच्या नेमाप्रमाणे मारुतीचं नाव घेऊन अंगाला तेल चोपडलं. तालमीत तेलावर वस्ताद मूठभर माती थापायचे. माती तेल पिऊन टाकी, मग खांद्यावरचं ओझं हलत नसे. ती माती तुमच्या सीलमागे. टोपलीभर तरी द्या, असा अर्ज त्याने केला होता. 'जप्त मुद्देमाल देता येत नाही,' तुमचं उत्तर. म्हणून इतके शनिवार तेलाच्या अंगाने तो आईला उचलत नव्हता. पण आता एक दिवसही खाडा नको होता. त्याने पंचाने खांदे पुसले.

"पुसलास ना नीट?"

"पुसलं गो. हलू नको."

वरच्या वळणावर ती सरकली. लुगडं तेलावरून सुळकन गेलं. जयवंताचा एक हात कठड्यावर होता. तो धरून राहिला असता तर वाचला असता. त्याने कठडा सोडला, दोन्ही हातांनी आईला कवटाळलं आणि तिच्याखाली पाठीवर पडत खालपर्यंत गेला.

सुगंधा उठली. साधं खरचटलंही नव्हतं. जयवंत उठेना. उजव्या खांद्याच्या हाडाचे तुकडे झाले होते.

सोमवारी तो झोळीत हात घालून रांगेत उभा राहिला. टेबलावरच्या माणसाने वर न बघता नावावर रेघ मारली. पुढे झोळी निघाली, पण हात कानाच्या वर गेला नाही. डॉक्टर म्हणाले, जाणारही नाही.

तेव्हा सुगंधा तुमच्या कचेरीत आली. तुम्ही म्हणालात, "बाई, काय असेल ते लेखी द्या."

"लिवूक येणा नाय माका," ती म्हणाली आणि तुमच्या टेबलापुढे फरशीवर मांडी घालून बसली. शिपाई पुढे झाला. तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"माझ्या झिलान आता काय उचलूचा, ता सांगा. कागद नको. तोंडान सांगा."