डाळजच्या दुकानाचा बेमुदत बंद

मानसिंगरावांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. त्यांना पित्ताचा त्रास होता. हायवेला त्यांची परमिट रूम होती आणि डाळजमध्ये देशी दारूचं सरकारमान्य दुकान होतं, पण मालक स्वतः गल्ल्यावर बसून ताक प्यायचे. त्यांचे दोस्त रामहरीशेठ बारामतीचे. तंबाखू, विड्या आणि गुटख्याचा ठोक व्यापार. तेही सुपारीचं खांड तोंडात टाकत नसत. दात खराब होतात, म्हणायचे.

नव्वदच्या दशकातल्या एका मार्चमध्ये सरकारनं दारूवरचा आणि तंबाखूवरचा कर वाढवला. दुसऱ्याच दिवशी रामहरीशेठ जीप घेऊन परमिट रूमवर आले.

"मानसिंगराव, गरिबाचं मरण हाय हे."

"कोणचा गरीब?" मानसिंगरावांनी दचकून विचारलं.

"कोणचा म्हंजी? आपलं गिऱ्हाईक! दिवसभर उन्हात राबतंय, सांजच्याला घोटभर घेतंय. सरकारनं त्याच्या घोटात हात घातला."

मानसिंगरावांचे डोळे पाणावले. ते पाणी खोटं नव्हतं. गरिबाचा इतका कळवळा त्यांना याआधी कधी आला नव्हता, त्यामुळे तो आवरायची सवय नव्हती.

त्याच आठवड्यात इंदापूर आणि बारामती, दोन्ही तालुक्यांतल्या दारू-तंबाखूवाल्यांची बैठक झाली आणि 'व्यापारी व ग्राहक बचाव समिती' जन्माला आली. ग्राहकांना बोलवायचं राहून गेलं. बैठकीची जागा आणि चहा मानसिंगरावांचा, म्हणून अध्यक्षही तेच झाले. परमिट रूमसकट सगळ्या दुकानांचा बेमुदत बंद ठरला. एकानं शंका काढली.

"आपण कुलपं लावायची, अन् लोक वढ्याच्या हातभट्टीवर जाणार. मग सरकारला झळ कशी बसायची?"

शंका रास्त होती. समितीचं शिष्टमंडळ पोलीस ठाण्यात गेलं. बेकायदा दारूनं माणसांचे संसार उद्ध्वस्त होतात, असं मानसिंगरावांनी तिथं कळवळून सांगितलं. ज्या भट्ट्या पोलिसांना वर्षानुवर्षं सापडत नव्हत्या, त्या एकाच दुपारी सगळ्या सापडल्या. ओढ्याकाठी नुसती फुटलेली मडकी उरली.

बंदचा मुहूर्त डाळजला झाला. दुकानापुढं मांडव घातला, नारळ फोडला. मानसिंगरावांनी दाराला भलंमोठं कुलूप लावलं आणि माईक हातात घेतला.

"जोवर सरकार हा कर माघारी घेत न्हाय, तोवर ह्ये कुलूप निघणार न्हाय! ह्या मानसिंगचा शब्द हाय!"

गावच्या गड्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्या तसे ते कुलपाकडे बघत उभे राहिले. आपण कशाला टाळ्या वाजवल्या, हे त्यांना तेव्हा उमगलं.

कांदे काढून परतणाऱ्या बायका मागं थांबल्या होत्या. त्यांच्या टोळीची मुकादम बनाबाई. तिच्या घरी पूर्वी मेंढरं होती. मेंढरं गेली, तेव्हापासून नवरा म्हस्कू बाजारपेठेत पोती उचलायचा आणि कमाई ह्याच दुकानात ठेवून यायचा. बनाबाईनं कुलूप नीट निरखलं आणि ती घरी गेली.

पहिले दोन दिवस वाईट गेले. म्हस्कूला कापरं भरलं, घाम सुटला. त्यानं हंडा आपटला, सरकारच्या नावानं शिव्या दिल्या. मग थकून झोपला. उठला तेव्हा त्याला भूक लागली होती. एका संध्याकाळी बनाबाई रानातून आली, तर तो दारात बाजेची सुंभं आवळत बसलेला.

"सैल झालती," तो खालमानेनं म्हणाला.

"लई वर्सं झाली की," ती म्हणाली आणि आत जाऊन तिनं जरा वेळ चुलीपुढं उगीच फुंकर घातली. चूल पेटलेलीच होती.

सगळ्या वस्तीत तसंच चाललं होतं. शेजारच्या रेश्माच्या नवऱ्यानं भिगवणच्या बाजारातून वांगी आणली. ती शिजवायच्या आधी रेश्मानं चार घरी नेऊन दाखवली. संध्याकाळी आरडाओरड नाही, त्यामुळे म्हातारी माणसं बावरून गेली. कुणाकडे मयत झालंय का, विचारू लागली.

सरकार मात्र ढिम्म. रामहरीशेठनी उपाय काढला.

"इंदापूरच्या कचेरीवर मोर्चा काढू. बायका पायजेत. बायका दिसल्या की पेपरवालं फोटो काढत्यात."

दोघं जीप घेऊन बनाबाईच्या दारात आले.

"बनाबाई, तुझी टोळी पायजे. ट्रॅक्टरनं नेऊ, जेवण देऊ, वर दिवसाची हजेरी देऊ," मानसिंगराव म्हणाले.

"बोलायचं काय, मालक?"

"'बंद झिंदाबाद' म्हणायचं. आन् तू साहेबाम्होरं दोन शब्द बोल. आपला बंद किती गरजेचा हाय, ते सांग."

बनाबाईनं पदर सावरला. "बंद गरजेचा हाय, आसं सांगायचं?"

"व्हय."

"खरंखरं सांगायचं?"

"आगदी मनापासनं."

"मग हजेरी नगं मालक. जेवाण तेवढं द्या."

मानसिंगराव जीपमध्ये बसले तरी गहिवरलेले होते. "बघा शेठ, गरिबाचं मन किती मोठं असतंय." हजेरी वाचल्यामुळे रामहरीशेठनाही ते मोठं वाटलं.

मोर्चा जोरात निघाला. व्यापारी सावलीसावलीनं चालत होते आणि बायका भर उन्हातून घोषणा देत होत्या. त्यांचा आवाज बाजारपेठेच्या पार पलीकडे जात होता. पेपरवाल्यांनी फोटो काढले. तहसीलदार तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. ते पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. मानसिंगराव गरिबांबद्दल इतका वेळ बोलले, की दोन गरिबांना भोवळ आली. मग त्यांनी बनाबाईला पुढं केलं.

"सायेब, आमी डाळजच्या बाया," ती म्हणाली. "मालकांनी दुकानाला कुलूप लावलं, तवाधरनं आमच्या घरात माणसं राहाया आल्यात. आदी नुसती येऊन पडत व्हती. पोरं बापाला भ्यायची, आता जेवाया बसवून घेत्यात. ह्यो बंद लई गरजेचा हाय."

मानसिंगराव समाधानानं मान डोलवत होते.

"मालक म्हंत्यात, कर माघारी घेतल्याबिगर कुलूप काढणार न्हाय. त्यांनी शब्द दिलाय, नारळ फोडलाय. तवा आमची येवढीच विनंती हाय सायेब, कर माघारी घिऊ नगा. आजून थोडा वाढवा."

"बंद झिंदाबाद!" मागून बायका गरजल्या. मानसिंगरावांचा घोषणेसाठी वर गेलेला हात वरच राहिला. रामहरीशेठ रुमालानं मान पुसत गर्दीत मागं मागं सरकले.

तहसीलदारांनी हसू दाबलं. "म्हणजे समितीत दोन मतं आहेत?"

"न्हाय साहेब, एकच—" मानसिंगराव घाईनं म्हणाले.

"एकच हाय सायेब," बनाबाई म्हणाली. "बंद."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. वर मथळा होता, 'बंदला महिलांचा उत्स्फूर्त पाठिंबा'. त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं.

मानसिंगराव तो पेपर घेऊन बारामतीला रामहरीशेठकडे गेले, तर पुढचं शटर बंद आणि मागच्या दारात हमालांची रांग. गुटख्याची खोकी बाहेर जात होती. जुना माल, नव्या भावानं.

"कदीपास्नं चाललंय हे?" मानसिंगरावांनी विचारलं.

"मानसिंगराव, तंबाखूला हवा लागती, माल खराब व्हतो," शेठ शांतपणे म्हणाले. "तुमचं बरंय. बाटलीला बूच आस्तंय."

समितीनं त्याच दिवशी बंद मागं घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मानसिंगराव किल्ली घेऊन डाळजला आले. दुकानाच्या पायऱ्यांवर बायका बसल्या होत्या. पुढं कांद्याचे ढीग, हातात विळे. बसल्या जागी पात कापणं चाललं होतं.

"उठा गं. समितीनं बंद माघारी घेतला."

"समितीनं घेतला आसंल," बनाबाई विळा न थांबवता म्हणाली. "तुमी म्हनला व्हता, ह्या मानसिंगचा शब्द हाय. कर माघारी घेतला का?"

"ते सरकारच्या हातात हाय!"

"मग किल्ली बी सरकारच्याच हातात द्या."

समोर लिंबाखाली गडी जमले होते. घसे कोरडे, नजरा दारावर. मानसिंगराव त्यांच्याकडे वळून ओरडले, "आरं, आपापल्या बायका आवरा की! तुमच्यासाठीच लढलो मी!"

गडी एकमेकांकडे बघू लागले. शेवटी म्हस्कू पुढं झाला. पायरीजवळ येऊन थांबला. एकदा कुलूप बघितलं, एकदा बायको.

"आगं, उठ की," तो हळू म्हणाला. "भाकरी करायची न्हाय व्हय?"

"पीठ काढून ठिवलंय. तुमी जाऊन थापा."

गडी हसले. म्हस्कूचा चेहरा लाल झाला. तो हात उगारेल असं रेश्माला वाटलं. तिनं विळा घट्ट धरला. पण म्हस्कू तसाच उभा राहिला, मग माघारी जाऊन लिंबाच्या बुंध्याशी उकिडवा बसला. घरी गेला नाही, दुकानाकडेही आला नाही. त्याच्यामागून दुसरा कुणी पुढं झाला नाही.

कांदे संपले, तरी बायका पायऱ्यांवरून हलल्या नाहीत. आळीपाळीनं शेंगा फोडत, गोधड्या शिवत बसल्या. मानसिंगरावांनी पोलीस बोलावले. हवालदारानं बघितलं, नुसत्या बसलेल्या बायकांवर कलम कुठलं लावावं हे त्याला सुचेना, आणि तो शेंगा खाऊन गेला. अखेर मानसिंगरावांनी खटपट करून परवाना हायवेला, परमिट रूमच्या शेजारी हलवून घेतला. वाढलेला कर त्यांनी गिऱ्हाइकाकडून वसूल केला, वर स्वतःसाठी थोडा आणखी. धंदा पूर्वीपेक्षा बरा चालू लागला.

पुढच्या मार्चला कर पुन्हा वाढला. रामहरीशेठचा फोन आला, "बंद पुकारायचा का?"

"नगं, नगं," मानसिंगराव घाईघाईनं म्हणाले. "सरकारला बी पैसा लागतो. आपुन देशाचा इचार करायला पायजे."

डाळजचे गडी आता हायवेपर्यंत चालत जातात. सगळे नाही, वाट लांब आहे आणि येताना ट्रकांची भीती असते. म्हस्कू काही दिवस जातो, काही दिवस जात नाही. गेला तर बनाबाई जेवून घेते आणि त्याची भाकरी झाकून ठेवते. नाही गेला, तर दोघं दारात बसून जेवतात आणि कालव्याला पाणी कधी सुटणार, यावर भांडतात.